दगडाचे दुखणे, चुन्याचे औषध



या आठवड्यात आम्ही एका इमारतीच्या बाहेरच्या अंगाविषयी लिहिणार आहोत. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. महागाई, कंत्राटी नोकऱ्या, मुलांच्या रखडलेल्या शिष्यवृत्त्या हे सगळे सोडून दगडांची चर्चा कशाला, असे ते विचारतील. त्यांना आमची विनंती एवढीच, की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग निवाडा द्यावा.

इमारत मुंबई विद्यापीठाची आहे. फोर्ट भागात ओव्हल मैदानाच्या पूर्वेला जो उंच घड्याळाचा मनोरा दिसतो तो राजाबाई टॉवर. त्याच्या पायथ्याशी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे आणि शेजारी दीक्षान्त सभागृह. आपल्या असंख्य मुलामुलींच्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचे नाव छापलेले आहे, त्याचे हे मूळ घर. हे घर दीडशे वर्षे पाऊस, खारा वारा आणि मोटारींचा धूर खात उभे आहे. ते पुढची शंभर वर्षे कसे उभे राहील, कोणाच्या हातांनी आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न आपलाही आहे.

ही इमारत कोणाची?

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८ जुलै १८५७ रोजी. त्या वेळी त्याला स्वतःची वास्तू नव्हती. पुढे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पकाराने सभागृह आणि ग्रंथालय यांचे आराखडे केले. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. लंडनला बसून त्यांनी नकाशे पाठविले. सभागृह १८७४ साली पुरे झाले. त्यासाठी सर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली होती. ग्रंथालय आणि मनोरा यांचा पाया १ मार्च १८६९ रोजी घातला गेला आणि काम १८७८ च्या नोव्हेंबरात संपले. उंची २८० फूट, खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये. त्यातले चार लाख प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने १८६४ साली देऊ केले होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला; तो हा पैसा. मनोऱ्याला नाव दिले ते प्रेमचंदशेठच्या आईचे.

म्हणजे आराखडा साहेबाचा, पैसा शेठजींचा. मग आमचे काय, असे आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. मुकुंद रामचंद्र नावाच्या एतद्देशीय इंजिनिअराने त्यांचे नमुने घडविले. साहेबाला हा देश माणसांवरून नव्हे, तर जातीच्या पागोट्यांवरून ओळखू येत असे, त्याचा तो दगडी पुरावा आहे. आणि हे दगड खाणीतून काढणारे, टाकीने घडविणारे, डोक्यावर वाहणारे आणि परांचीवर चढविणारे हात मात्र देणगीच्या पाटीवर कधीच येत नाहीत.

परंतु नाव पाटीवर आले नाही म्हणून हक्क जात नाही. घाम ज्याचा, वास्तू त्याचीही. शिवाय डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले ते याच विद्यापीठाचे. ज्यांना शतकानुशतके अक्षर शिवू दिले गेले नाही, त्यांच्यातील एक तरुण या विद्यापीठाचा पदवीधर झाला. पुढे १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेही याच विद्यापीठाशी जोडलेले. ज्या दारातून आपण एवढ्या कष्टाने आत आलो, त्या दाराची चौकट पडू द्यायची काय? जुने विद्यापीठ ही कोणा शेठजीची हवेली नव्हे. ती सार्वजनिक मालमत्ता आहे आणि सार्वजनिक मालमत्ता मोडकळीला आली तर पहिले नुकसान गरिबाचे होते. श्रीमंताची मुले परदेशी शिकायला जातात. आपली मुले इथेच शिकतात.

दुखणे कोठे आहे?

दगड अमर असतो असा आपला समज आहे. तो खरा नाही. मुंबईत वर्षाला सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे पाणी वाहून जाण्यासाठी जुन्या कारागिरांनी पन्हळी, उतार, छज्जे, पाण्याचे पाइप अशी सोय केलेली असते. पण पन्हळीत पालापाचोळा आणि कबुतराची विष्ठा साठली, की पाणी भिंतीत मुरू लागते. इमारतीच्या बहुतेक सर्व रोगांचे मूळ या पाण्यात आहे.

मुरलेले पाणी भिंतीतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते. ऊन पडले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. आपल्या घरच्या भिंतीला जो पांढरा लोणा लागतो, तोच हा. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत क्षाराचे खडे वाढतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. दगड जोडायला आत लोखंडी आकडे घातलेले असतील तर ते गंजतात. गंजलेले लोखंड फुगते आणि फुगता फुगता दगड फोडते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे, उंबराचे बी सांध्यात पडते. दोन पानांचे रोप गोजिरे दिसते. पण चार वर्षांत त्याचे मूळ भिंतीत पाचर ठोकल्यासारखे शिरते. ते नुसते ओढून काढले तर सोबत दगडही निखळतो. म्हणून रोप कापायचे, मूळ औषध घालून मारायचे आणि मगच सांधा भरायचा, अशी रीत आहे.

शहराचा धूर हा नवा शत्रू. मुंबईच्या त्या काळातील इमारतींत कुर्ल्याचा, मालाडचा पिवळसर दगड आणि कोरीवकामाला पोरबंदरचा मऊ दगड वापरला जात असे. पोरबंदरचा दगड चुनखडीच्या जातीचा. धुरातील गंधकाचे आम्ल पावसाच्या पाण्यात मिसळले, की तो दगड हळूहळू खाल्ला जातो. जिथे पावसाची सर पोचत नाही, तिथे काजळीची काळी खपली धरते. वरून ती नुसती घाण वाटते, पण तिच्याखाली दगड सडत असतो.

सिमेंटचा मोह

आता उपचाराकडे वळू. फट दिसली की सिमेंट भरायचे, ही आज आपल्या सगळ्यांची सवय झाली आहे. नव्या काँक्रीटच्या घरात ते ठीक. पण दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीत सिमेंट भरणे म्हणजे दम्याच्या रोग्याच्या नाकातोंडावर फडके बांधणे होय.

कारण सोपे आहे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना मऊ आणि सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल उन्हाळ्यात चुन्याच्या दर्जांतून बाहेर पडते. क्षारही तिथूनच बाहेर येतो. झीज होते ती चुन्याची. दगड शाबूत राहतो. वीस-तीस वर्षांनी दर्जा पुन्हा भरल्या की काम भागते. सिमेंट मात्र कठीण आणि कोंदट असते. त्याने सांध्याची वाट बंद झाली, की ओल दगडातून वाट शोधते. मग क्षार दगडात साठतो, दगडाची कड झडते आणि काही वर्षांनी असे दृश्य दिसते की सिमेंटची रेघ ताठ उभी आणि दोन्ही बाजूंचा दगड खोल खचलेला. जे पुन्हा भरता येते ते वाचले आणि जे पुन्हा मिळणार नाही ते गेले! जुन्या गवंड्यांचा नियम याच्या उलट होता. सांधा दगडापेक्षा मऊ असावा, म्हणजे दोघांपैकी एकाला झिजायचे झाले तर सांध्याने झिजावे.

आमच्या माहितीतील एका जुन्या दगडी शाळेला उत्साहाच्या भरात बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. वर झगझगीत रंगही लागला. फोटो निघाले, हारतुरे झाले. तिसऱ्या पावसाळ्यात वर्गाच्या आतून ओल चढली आणि मुलांची बाके भिंतीपासून दूर सरकवावी लागली. पैसा गेला तो गेला, भिंतही आजारी पडली.

चुन्याचे काम धीराचे आहे. चुनकळी पाण्यात विरवायची, ती मुरू द्यायची, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून घाणीत मळायची. बेलफळ, गूळ, मेथी, उडीद यांचे पाणी घालण्याची जुन्या कारागिरांची पद्धत होती. भरलेली दर्जा एकदम वाळू द्यायची नाही, ओले गोणपाट लावून दमट ठेवायची. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा होतो. आणखी एक हिशेब सांगतो. चुनखडी भाजायला सुमारे ९०० अंश उष्णता लागते, तर सिमेंटच्या भट्टीत सुमारे १,४५० अंश. म्हणजे चुन्याला भट्टीची आच कमी लागते आणि भाजताना सुटलेल्या कर्बवायूचा बराच भाग तो पुढे परत घेतो. आजकाल ज्याला पर्यावरणपूरक, शाश्वत बांधकाम म्हणतात ते आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते.

शाश्वत म्हणजे काय, हेही इथे सांगितले पाहिजे. जुनी इमारत पाडून नवी बांधायची तर पुन्हा डोंगर फोडा, पुन्हा भट्टी पेटवा, पुन्हा ट्रक पळवा आणि जुन्याचा राडारोडा कोठल्या तरी गरीब वस्तीच्या शेजारी नेऊन टाका. उभी असलेली वास्तू नीट राखली तर हे सगळे वाचते. जाड भिंती, खोल सज्जे, उंच खिडक्या यांमुळे ती बऱ्याच अंशी आपोआप थंड राहते. पण वातानुकूलन यंत्रे लटकविण्यासाठी आणि तारा ओढण्यासाठी तिच्याच अंगात भोके पाडली जातात, त्याला काय म्हणावे?

उटणे आणि कातडे

दुसरा मोह चकचकीतपणाचा. काळा पडलेला दगड उजळ करायचा म्हणून वाळूचा फवारा मारतात, नाहीतर तेजाबाने धुतात. दोन दिवसांत इमारत नव्यासारखी दिसते. पण दगडाची हवापाण्याने घट्ट झालेली बाहेरची साल त्यात निघून जाते आणि आतला कोवळा दगड उघडा पडतो. अंगाला उटणे लावायचे सोडून कातडेच सोलण्याचा हा प्रकार. योग्य पद्धत म्हणजे पाण्याचे हलके तुषार, मऊ ब्रश आणि क्षार शोषून घेण्यासाठी कागदाच्या लगद्याचा लेप. त्यातही आधी एका कोपऱ्यात थोडी जागा करून पाहायची, परिणाम बघायचा आणि मगच पुढे जायचे. काळेपणा सगळा जाणार नाही, जाऊही नये. दीडशे वर्षांच्या आजीला वीस वर्षांची दाखविण्याचा अट्टहास कशासाठी?

चांगल्या हेतूने केलेला उपचारही कसा अंगलट येतो, याचे उदाहरण अजिंठ्यात आहे. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून तेथील चित्रांची दुरुस्ती करविली. चित्रे टिकावीत म्हणून त्यांनी लाखेचा थर दिला. पुढे तो थर पिवळा पडला, काळवंडला आणि खालची चित्रे झाकोळली. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर काढण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागले. म्हणून जतनशास्त्राचा आजचा दंडक असा, की जे पुढे काढून टाकता येणार नाही ते लावू नका आणि गरजेपेक्षा जास्त हात लावू नका. दगड खराब झाला तर पूर्ण बदलू नये. जेवढा कुजला तेवढा कापून त्याच जातीच्या दगडाचे ठिगळ बसवावे. आपल्या आयाबहिणी गोधडीला ठिगळ लावतात, तसेच. फाटले तेवढेच झाकायचे, सगळी गोधडी उसवायची नाही.

कोनशिला आणि पन्हळ

राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय यांचे मोठे जतनकाम २०१३ ते २०१५ या काळात झाले. वास्तुविशारद बृंदा सोमय्या यांच्या देखरेखीखाली, इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकाराने आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या आर्थिक साहाय्याने ते पार पडले. मे २०१५ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात विद्यापीठाच्या या इमारतीही आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ज्यांनी काम केले त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे.

परंतु आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, पेशाने कारकून. आम्हांला जमाखर्च दिसतो. मोठी दुरुस्ती हा भांडवली खर्च. त्याला देणगीदार मिळतो, मंत्री मिळतो, कोनशिला बसते. दर मे महिन्यात पन्हळी साफ करणे, पिंपळाची रोपे काढणे, फुटलेला पाइप बदलणे हा मात्र चालू खर्च, आणि सार्वजनिक इमारतींच्या अंदाजपत्रकात पहिली कात्री त्याच्यावरच चालते. पन्हळ साफ केल्याची कोनशिला कोणी बसवीत नाही! हिशेबाच्या वहीत इमारतीचा घसारा दरसाल लिहिला जातो. पण घसारा लिहिला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. वर्षाचे थोडके पैसे वाचविले की पंचवीस वर्षांनी कोट्यवधी रुपये ओतावे लागतात, आणि ते ओतेपर्यंत जे कोरीवकाम झडून गेले ते कोणत्याही रकमेने परत येत नाही.

दुसरी गोम निविदेत आहे. सर्वांत कमी दर ज्याचा, काम त्याचे, हा सरकारी नियम गटार-रस्त्यापुरता चालेल. जुन्या दगडाला तो घातक आहे. कमी दर परवडावा म्हणून कंत्राटदार चुन्याऐवजी सिमेंट भरतो आणि पाथरवटाऐवजी नाक्यावरचा कोणीही मजूर परांचीवर चढवितो. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियमावली आली, देशात अशी ती पहिलीच. पण नियम कागदावर असतो आणि सिमेंटची गोणी जागेवर असते.

परांचीवर कोण आहे?

आता आमच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. दगड वाचला पाहिजे, पण दगडापेक्षा माणूस मोठा. दगड कापताना, घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. खाणीत आणि दगडकामात राबणाऱ्या आपल्या कष्टकरी भावंडांना हा रोग नवा नाही. दगड पाणी मारून कापला, तोंडाला योग्य मास्क दिला, तर पुष्कळ धोका टळतो. उंचावर काम करणाऱ्याला पट्टा, जाळी आणि विमा मिळाला पाहिजे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात दुरुस्तीच्या कामावरील मजूरही येत होते. त्यातूनच राज्यात कामगार कल्याणकारी मंडळ उभे राहिले. वारसा जतनाच्या प्रत्येक कामावरील मजुराची या मंडळात नोंदणी झाली आहे काय, हा प्रश्न विचारणे आपल्या संघटनांचे काम आहे. युनेस्कोच्या यादीतील इमारत आणि यादीबाहेरचा मजूर, हे आपण चालू देता कामा नये.

याच कामात आपल्या तरुणांना रोजगारही आहे. चुन्याचे काम जाणणारे गवंडी म्हातारे होत चालले आहेत. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील जुनी न्यायालये, महाविद्यालये, रेल्वे स्टेशने यांना असे हात पुढेही लागणार आहेत. आयटीआयमध्ये चुनाकाम आणि दगडकाम यांचे रीतसर शिक्षण, त्याचे प्रमाणपत्र आणि त्या प्रमाणपत्राला साजेशी मजुरी, अशी मागणी आपण का करू नये? मात्र एक अट. हे काम पुन्हा जातीचा धंदा म्हणून कोणाच्या गळ्यात पडता कामा नये. ते विद्या म्हणून शिकविले जावे, ज्याला आवडेल त्याने शिकावे, मुलींनीही शिकावे, आणि त्या विद्येला इंजिनिअराइतका नाही तरी कारागिराचा पुरता मान मिळावा.

आपण काय करावे?

आपली मुले ज्या जुन्या महाविद्यालयात जातात, तिथे पालक म्हणून एकदा बाहेरून फेरी मारा. पन्हळीत गवत आहे काय, भिंतीवर पिंपळ आहे काय, पावसाचे पाणी पाइपातून जाते की भिंतीवरून, दर्जांत सिमेंट भरले आहे काय, हे पाहायला कोणतीही पदवी लागत नाही. दिसेल ते प्राचार्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. माजी विद्यार्थी असाल तर देखभालीवर दरसाल किती खर्च होतो, हे माहितीच्या अधिकारात विचारा. गावाकडचे दगड-मातीचे घर किंवा वस्तीतील जुने समाजमंदिर दुरुस्त करायला काढाल, तेव्हा सिमेंटची गोणी आणण्याआधी भिंत कशात बांधली आहे ते गवंड्याला विचारा. आधी छपराचे आणि पन्हळीचे पाणी बंद करा. निम्मा आजार तिथेच बरा होईल.

विद्यापीठाच्या वरिष्ठांनाही आमचे सांगणे आहे. मोठ्या दुरुस्तीचा खर्च देणगीदाराने दिला, तरी रोजच्या निगराणीचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली, कात्री न लागेल असा ठेवावा. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी व्हावी, छायाचित्रांसह नोंदवही असावी आणि ती कोणाही नागरिकाला पाहता यावी. कामाच्या फलकावर देणगीदार आणि वास्तुविशारद यांच्या जोडीला पाथरवटांची, गवंड्यांची, बिगाऱ्यांची नावेही लिहावीत. १८७८ साली ती राहून गेली. आता तरी राहू नयेत.